छबुबाईचे उपास

"मला आज उपास आहे," पडद्यावरची बंगलेवाली बाई नाकाला पदर लावून म्हणाली आणि सगळं थेटर खदखदून हसलं. सिंधुबाईही हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. बंगल्याच्या फाटकासमोर वडापावची गाडी लावणारी ती दुसरी बाई, ठेंगणी, तोंडाची फटकळ, रोज बंगलेवालीपुढे गरम वडा धरायची आणि रोज बंगलेवालीला नवा उपास निघायचा. सोमवार झाला, गुरुवार झाला, संकष्टी झाली, आणि आता तिनं अशा एका देवीचं नाव काढलं, की गाडीवालीनं ते जन्मात ऐकलं नव्हतं. "ह्या देवीचं देऊळ कुठं आलं वो बाई?" असं गाडीवालीनं विचारलं तशा मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि तेवढ्यात, खाली अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं सिंधुबाईला झालं. शेजारच्या खुर्चीतलं हसू थांबलं होतं.

शेजारच्या खुर्चीत छबुबाई होती. पिक्चर लागल्यापासून ती एवढी हसत होती, की जोडलेल्या खुर्च्यांची सगळी ओळ हलत होती. आता ओळ स्थिर झाली. सिंधुबाईनं मान वळवली नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त छबुबाईचा हात पाहिला. मांडीवर पालथा पडलेला जाडजूड हात, बांगड्या गेल्यापासून मनगटावर उरलेला पांढुरका पट्टा. पिक्चरचं काढलं तेही छबुबाईनंच. चार दिवसांमागं फोन करून म्हणाली होती, "सरपंच, दोन बायांचं पिक्चर लागलंय माजलगावात. लई हसायचं हाय म्हनं. आमच्या सायलीनं तिकिटं काढलीत, तू नुसती ये." सायली म्हणजे तिची नातसून. तिला तरी काय ठाऊक, त्या दोन बायांतल्या एकीला असे उपास असतील म्हणून. सिंधुबाईला पुन्हा हसू यायला लागलं, ते तिनं गिळलं. गिळल्यावर ते पोटात जाऊन दगडासारखं बसलं, कारण पोटात आधीच एक वाक्य बसलेलं होतं.

वाक्य साधंच होतं. उद्या आमच्या नव्या घरात बुद्धवंदना हाय, मग जेवण हाय, तुमी या. सतीशनं, तिच्या मुलानं, माजलगावात धरणाच्या रस्त्याला दोन खोल्या आणि वर गच्ची असं घर बांधलं होतं. उद्या रविवारी त्यात राहायला जायचं होतं. भन्तेजींना सांगून झालं, भावकीला सांगून झालं, सतीशच्या शाळेतल्या मास्तरांना सांगून झालं. छबुबाईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. लेक पंचशीला खिरीसाठी तांदूळ निवडत म्हणाली होती, "आई, त्या बाईनं तुझ्या घरचं कधी घोटभर पाणी तरी घेतलंय का? सांग की मला. एकदा." सिंधुबाई म्हणाली, "तिचे उपास असतात." पंचशीला तिच्याकडं बघतच राहिली. रागानं नाही, लहान लेकराकडं बघावं तसं. मग ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली आणि त्या वेळी सिंधुबाईनं मनाशी ठरवलं, शनिवारी पिक्चरला विचारायचं. उपास हाय म्हणाली, तर बस. मग फोन येईल तेव्हा यावा, आपण करायचा नाही. या वयात मैत्रीण जाणं म्हणजे काय असतं ते पंचशीलाला कळायचं नाही. आपल्या तरुणपणाची आठवण असणारं दुसरं माणूस उरत नाही. सांगायचं झालं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि तेवढा दम आता कुणात असतो.

पहिल्यापासून म्हणजे ग्रामपंचायतीपासून. सरपंचपद राखीव निघालं, बाईसाठी आणि तेही सिंधुबाईच्या समाजासाठी, तेव्हा गावचे पुढारी गहिनीनाथराव ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत कोण बाई गरीब, कोण बाई अबोल, असं बघत हिंडले आणि त्यांनी सिंधुबाईला उभी केली. निवडून आल्यावर ती हाताबाहेर जाऊ नये म्हणून शेजारच्या खुर्चीत, उपसरपंच म्हणून, त्यांनी आपली बायको बसवली. छबुबाईला घरून एवढंच सांगून धाडलेलं, तिच्यावर नजर ठेव. छबुबाई खरोखरच नजर ठेवायची. मीटिंग चालू असायची, ग्रामसेवक वाचत असायचे, आणि ही खुर्चीत मांडी घालून सिंधुबाईच्या तोंडाकडं टक लावून बसलेली. एकदा सिंधुबाईनं न राहवून विचारलं, "मालकीणबाई, माझ्या तोंडाला काय लागलंय का?" तर छबुबाई म्हणाली, "न्हाई गं. बघ म्हणले मालक, म्हणून बघते. तू बोल तुझं." तेव्हाही हसू आलं होतं, पण ते दोघींनी आपापल्या पदरात ठेवलं. ते बाहेर पडलं पंधरा ऑगस्टला. झेंड्याची दोरी कुणी ओढायची हे काही ठरलेलं नव्हतं. सरपंच म्हणून सिंधुबाईनं धरली. मालकांनी डोळ्यानं खुणावलं म्हणून छबुबाईनंही धरली. लखन शिपायानं गाठ अशी आवळून ठेवलेली, की दोघींनी मिळून ओढली तरी सुटेना. शाळेची पोरं सलामीचा हात वर करून उभी, मास्तर राष्ट्रगीतासाठी तोंड उघडून उभे. आणि सुटली ती एकदम सुटली. झेंडा वर फडकला आणि त्यात बांधलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा रात्रभर भिजलेला गोळा छबुबाईच्या डोक्यावर येऊन पडला. गाव चिडीचूप. कपाळावरून झेंडू ओघळत असताना छबुबाई ओठ न हलवता म्हणाली, "परत लगीन लागलं वाटतं माझं." सगळं राष्ट्रगीत दोघी ताठ उभ्या राहिल्या, डोळ्यांतून धारा लागलेल्या. लोकांना वाटलं, बायांना देशाचं केवढं प्रेम. गहिनीनाथरावांनी तर भाषणात तसं सांगितलंसुद्धा.

त्या दिवसापासून छबुबाई तिला सरपंच म्हणायला लागली, आणि ती छबुबाईला उपसरपंच. पाच वर्षं संपली, खुर्च्या गेल्या, गहिनीनाथराव गेले, छबुबाई मुलाबरोबर माजलगावात राहायला आली, तरी ही नावं राहिली. बाजारात भाजीवाल्यासमोर छबुबाई हाक मारायची, "ए सरपंच," आणि भाजीवाला बिचकून वजन नीट करायचा. प्रशिक्षणाला दोघींना पुण्याला पाठवलं होतं, तेही सिंधुबाईला आता पडद्याकडं बघता बघता आठवलं. एकच खोली दोघींना. जेवायला सगळ्या जिल्ह्यांच्या बाया लांबलचक टेबलांवर बसायच्या, कोण कुठली कुणाला ठाऊक नाही. तिथं छबुबाई तिच्या शेजारी बसली, तिच्या ताटातला पापड न विचारता उचलून खाल्ला आणि म्हणाली, "माझा मऊ हाय." सिंधुबाईनं त्या मोडक्या पापडाच्या उरलेल्या तुकड्याकडं किती तरी वेळ बघितलं होतं. म्हणजे किळस नव्हती. किळस असती तर पुण्यातही असती. परत येताना एसटी गावच्या फाट्याला लागली तसा छबुबाईनं पदर डोक्यावर ओढला, पिशवी मांडीवर घेतली, आणि एवढा वेळ टेकलेला खांदा जरासा बाजूला घेतला. तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात ती ओढा ओलांडून पहिल्यांदा घरी आली. दिवसाढवळ्या आली, कुणाला न भिता आली, बाजेवर ऐसपैस बसली. सिंधुबाईनं चहा टाकला. आणि छबुबाई म्हणाली, "मला न्हाई गं. उपास हाय."

उपासाला चहा चालतो, हे कुणाला माहीत नाही? सिंधुबाईला उपास नव्हते, तिच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातले उपास-तापास गेले होते. तरी चालतं काय आणि चालत नाही काय, हे गावात राहून ठाऊक असतंच. पण तिनं ते मनावर घेतलं नाही. पुढच्या वेळी तिनं मुद्दाम साबुदाणा आणला, भिजवला, शेंगदाण्याचा कूट घालून खिचडी केली. छबुबाई म्हणाली, "आज निर्जळी हाय." त्याच्या पुढच्या वेळी भगर केली, तर म्हणाली, "भगर मला बाधती." एकेका पदार्थाला एकेक उपास निघत गेला, आता पडद्यावर निघतो तसाच, पण तिथं कुणी हसत नव्हतं. मग एकदा घरात भुईमुगाच्या शेंगा पडल्या होत्या, तर छबुबाई बोलता बोलता त्या फोडून खायला लागली, पसाभर खाल्ल्या. पुढं केळी खाल्ली. मोसंबी खाल्ली. सिंधुबाईच्या ध्यानात आलं, सालीतलं चालतं. ज्याला तिचा हात आतपर्यंत लागलेला नाही, ते चालतं. हे कळलं तेव्हा ती चुलीपुढं बसली होती आणि तवा तापून धूर निघेपर्यंत तिला भान राहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून तिनं केळी आणली. तेव्हापासून तिच्या घरात केळ्याची फणी कायम असायची. पंचशीला लहानपणी विचारायची, "आई, आपल्याकडं एवढी केळी कावून असतात?"

मग तिनं हे आत कुठं ठेवलं एवढी वर्षं? आता अंधारात बसून तिनं स्वतःलाच विचारलं. पडद्यावर गाडीवाली दुपारची सावलीला डुलक्या काढत होती आणि बंगलेवाली कंपाउंडच्या गजांतून हात घालून तिचे वडे चोरत होती, लोक पोट धरून हसत होते, आणि सिंधुबाईला शहादेव आठवला. तिचा नवरा, शहादेव, गेला त्या दिवशी. वस्ती जमलेली, सगळ्या बाया रडताहेत, आणि छबुबाई ओढा ओलांडून सरळ आत आली, कुणाकडं न बघता खाली जमिनीवर बसली आणि तिनं सिंधुबाईचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. घरून पिठलं-भाकरी आणलेली. सिंधुबाई खाईना, तर आपल्या हातानं घास करून तिच्या तोंडात घातला. "खा. रडायला जोर लागतो." नंतर तांब्यानं पाणी पाजलं, ओठांवरून ओघळलेलं आपल्या पदरानं पुसलं. ते सगळ्या वस्तीनं बघितलं, गहिनीनाथरावांच्या कानावर गेलं, घरी काय बोलणी बसली असतील ती असतील, छबुबाईनं त्यातलं अक्षर कधी सांगितलं नाही. द्यायला तिचा हात कधी आखडला नाही. घ्यायचाच काय तो आखडायचा. आणि सिंधुबाईला वाटायचं, जाऊ दे, अर्धं तर अर्धं, एवढं तरी कुणाला मिळतं. मग मधूनच वाटायचं, अर्धं कुठलं, ते नासकं का चांगलं, तेवढं तरी बघ. असं उलटसुलट वाटण्यात वर्षं गेली. आणि आता ही पिक्चरमधली बाई, जिला ती ओळखत नाही, दोन शब्दांत तेच बोलून गेली आणि शे-पाचशे माणसं खदखदून हसली.

तिला भूक लागली. साखरेचं दुखणं, वेळेवर खावं लागतं. थेटरात बाहेरचं नेऊ देत नाहीत, म्हणून सकाळीच केलेली धपाटी तिनं फडक्यात गुंडाळून पोटाशी ओच्यात बांधली होती. दारावरच्या माणसानं पिशवी चाचपली, तिच्या पोटाकडं बघायची त्याची छाती नव्हती. तेव्हा छबुबाईनं त्याच्यादेखत "सरपंच हाय ती, नीट बोल," असं ठणकावलं होतं, आणि नेमकी तेवढ्यात छबुबाईची जाऊ भिवराबाई सुनेला घेऊन आत शिरली. भिवराबाई म्हणजे गावाची बातमी. तिनं दोघींकडं एकदा पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, "जोडीनं का," एवढंच म्हणाली आणि पुढं जाऊन बसली. बरोब्बर पुढच्या ओळीत.

सिंधुबाईनं ओचा सोडला, फडकं उलगडलं. धपाट्यांचा वास सुटला, लसणाचा, तिळाचा, कोथिंबिरीचा. तिनं एक तुकडा तोंडात घातला आणि पडद्याकडं बघत चावत राहिली. तिनं पुढं केलं नाही. पुढं करायची सवय तिनं केव्हाच मोडली होती. आणि मग मांडीवरचं फडकं जरासं हललं. तिला वाटलं घसरलं. पण ते घसरलं नव्हतं. जाडजूड हात आला, चाचपडला, एक धपाटं दुमडून उचललं आणि गेला. शेजारून चावल्याचा आवाज आला. दातांची एक बाजू गेलेली असल्यानं छबुबाई एका गालानं चावायची, तो ओळखीचा आवाज, पण असा तिच्या हातच्या अन्नावर तो तिनं कधी ऐकला नव्हता. सिंधुबाईचा घास तोंडातच राहिला. तिला वाटलं, आता हसावं, का रडावं, का नुसतं बसावं. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं ते असं, न बोलता, न बघता. आणि लगेच दुसरा विचार आला, थंड, पाठीला भिंत लागावी तसा. अंधार आहे म्हणून. कुणाला दिसत नाही म्हणून. केळ्याला साल असते, शेंगेला टरफल असतं, तशी आज अंधाराची साल आहे. तिनं तो विचार नको म्हणून बाजूला सारला, पण तो तिथंच बसला, दोघींच्या मधल्या दांड्यावर.

आणि पिक्चर अडकलं. बंगलेवालीनं वड्याचा घास घेतला, ठसक्यानं डोळे पांढरे केले, आणि ती तशीच पडद्यावर थिजली. आवाज बंद. पोरांनी बोंब मारली. थेटरातले सगळे दिवे फाडकन लागले.

छबुबाईच्या हातात अर्धं धपाटं होतं. अर्धं तोंडात. पुढच्या ओळीतून भिवराबाई आळस देत मागं वळली, आणि तिचे डोळे आधी हातावर, मग सिंधुबाईच्या मांडीवरच्या फडक्यावर, मग परत हातावर आले.

"काय वं बाई, काय खाताव?" भिवराबाई गोड आवाजात म्हणाली. "आज तर शनवार. तुमचा मारुतीचा उपास."

छबुबाईनं घास एका गालात सारला. सिंधुबाई तिच्याकडं बघत नव्हती, ती पडद्यावरच्या थिजलेल्या बाईकडं बघत होती.

"राजगिऱ्याचं हाय," छबुबाई म्हणाली.

सिंधुबाईला वाटलं होतं, राग येईल. राग आला नाही. फार दमल्यासारखं वाटलं, आणि त्या दमण्यातून, कुणी तरी दुसरंच बोलावं तसा, तिचा आवाज आला. शांत आवाज, पंचायतीत ठराव वाचावा तसा.

"ज्वारीचं हाय. लसूण घालून. मी केलंय सकाळी."

भिवराबाईच्या भुवया वर गेल्या आणि तिथंच राहिल्या. तिची सून करिष्मा मोबाईलमधून मान वर काढून बघायला लागली. छबुबाईचा गाल थांबला. मग तिनं तो घास गिळला, आणि गिळताना मिरची कुठंतरी आडवी गेली. तिला ठसका लागला. साधा नाही, पाठ वाकवणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा. सिंधुबाईनं न कळत तिच्या पाठीवर हात चोळायला सुरुवात केली.

"पाणी, पाणी," भिवराबाई म्हणाली. तिनं सुनेच्या हातातली बाटली ओढली आणि मागं धरली. "घ्या. नवीन हाय, सीलबंद."

सिंधुबाईची स्टीलची बाटली खुर्चीच्या कडीला लटकत होती. पोचे पडलेली, झाकणाला दोरी बांधलेली, तिच्या नळाच्या पाण्यानं भरलेली. तिनं ती पुढं केली नाही. हात नुसता पाठीवर ठेवून ती थांबली. छबुबाईनं पाण्यानं भरलेल्या डोळ्यांनी सीलबंद बाटलीकडं बघितलं. मग हात लांब करून कडीची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि थेट तोंडाला लावली. वरून धार धरली नाही. ओठ लावून, डोकं मागं टाकून, घटाघटा प्याली. गळ्याची घाटी खालीवर होत होती. प्याल्यावर तिनं मनगटानं तोंड पुसलं, बाटली सिंधुबाईच्या मांडीवर ठेवली आणि भिवराबाईला म्हणाली, "तुमचं ठेवा. उन्हाचं लागंल जाताना."

भिवराबाई पुढं वळली. तिच्या मानेवरून दिसत होतं, की संध्याकाळपर्यंत हे गावात पोचेल, आणि गावातून छबुबाईच्या मुलाकडं, आणि मुलाकडून सुनेकडं.

"लई तिखट करतेस," छबुबाई पडद्याकडं बघत म्हणाली.

"तुमाला कुणी खा म्हणलं?"

"न्हाई म्हणलं कुणी."

सिंधुबाईच्या पोटातलं ते वाक्य हललं. तिला वाटलं, आज पुरे, आज एवढंच, उगीच हात लांब केला तर आहे तेही जाईल. पण वाक्य वर आलंच होतं.

"उद्या आमच्या नव्या घरात जायचंय. वंदना हाय सकाळी. मग जेवण. तुमी या, उपसरपंच."

छबुबाईनं बोटाला लागलेले तीळ एकेक करून दातानं टिपले.

"उद्या आयतवार," ती म्हणाली.

"हाय."

"आयतवारचा उपास हाय माझा."

सिंधुबाईनं बाटलीचं झाकण लावलं. दोरी नीट गुंडाळली. झाकण लागलं की नाही ते दोनदा बघितलं. पंचशीला तांदूळ निवडताना जशी बघत होती तसं कुणी तरी आपल्याकडं बघतंय असं तिला वाटलं, आणि तिनं पदर डोक्यावर घेतला.

"सोडायला तुझ्याकडंच येते," छबुबाई म्हणाली. "वांगं करशील ते माणसानं खावं असं कर. ह्या धपाट्यावानी नको. आणि केळं माझ्यापुढं ठेवू नको गं आता. लई केळी खाल्ली मी तुझ्या घरची. ऊर भरून येतो केळं बघितलं की."

सिंधुबाई तिच्याकडं वळली. छबुबाईचं तोंड सरळ पडद्याकडं, कपाळावर घाम, आणि ओठ तसेच न हलणारे, झेंडूच्या वेळी होते तसे. म्हणजे हिलाही माहीत होतं, की मला माहीत आहे. केळी कावून असतात ते. एवढी वर्षं दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत बसल्या होत्या. सिंधुबाईच्या पोटातून हसू उसळलं, ते तिला आवरेना, आणि छबुबाईची खुर्ची हलायला लागली. दोघींच्या हसण्यानं सगळी ओळ हलायला लागली. पिक्चर अजून बंदच होतं. हसण्यासारखं काही नव्हतं. लोक वळून बघत होते.

मग दिवे गेले. पडद्यावरच्या बाईचा ठसका सुटला, गाडीवालीनं तिच्या पाठीत धपका घातला, आणि मधलं थोडं कथानक कापलं गेल्यासारखं झालं, पण त्यांना दोघींनाही पुढं काय झालं ते नीट कळलं नाही. अंधारात मांडीवरचं फडकं हललं. हात चाचपडला, फडक्याच्या घड्या उलटसुलट केल्या.

"अजून हाय का गं धपाटं?" छबुबाईनं विचारलं. हळू नाही, पंचायतीत हाक मारायची तशा आवाजात.

पुढच्या ओळीतून कुणी तरी श्शू केलं.